फिफ्थ व्हीलला ग्रीस कोणते, किती आणि केव्हा लावावे?

वणी परिसरातील एका ट्रेलरमालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा चाळीस फुटी ट्रेलर हंगामात जिनिंगमधून कापसाच्या गाठी वाहतो आणि उरलेल्या काळात गडचांदूरकडील सिमेंट. फिफ्थ व्हील म्हणजे घोड्याच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागच्या भागावरील प्लेट, जिच्यावर ट्रेलर टेकतो आणि अडकतो. काही महिन्यांपासून वळणावर स्टिअरिंग जड लागते, प्लेटमधून करकर आवाज येतो आणि ब्रेक लावताना किंवा गाडी उचलताना मागून झटका बसतो. ड्रायव्हर जवळजवळ प्रत्येक खेपेला फिफ्थ व्हीलवर ग्रीस थापतो, ग्रीस हाताशी नसेल तर जळके ऑइल ओततो, तरीही फरक पडत नाही. ग्रीस कोणते, किती आणि किती दिवसांनी लावावे, तसेच फिफ्थ व्हील बदलण्याची वेळ आली आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

यात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. जड स्टिअरिंग आणि करकर ही वंगणाची तक्रार आहे. झटका ही झिजेची किंवा ढिलाईची तक्रार आहे, आणि ती ग्रीसने कधीही जात नाही. उलट ग्रीसचा जाड थर झटक्याचा आवाज काही दिवस दाबून ठेवतो आणि तेवढ्या काळात किंगपिन (ट्रेलरखालची खुंटी) व तिला पकडणारा फिफ्थ व्हीलचा जबडा आणखी झिजतात. म्हणून ग्रीसच्या डब्याकडे वळण्याआधी प्लेट पूर्ण साफ करावी आणि पिन मोजावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या भागात बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो.

फिफ्थ व्हीलवर दोन प्रकारचे घर्षण होते, हे आधी लक्षात घ्यावे. पहिले घर्षण वरच्या सपाट प्लेटवर होते. ट्रेलरच्या पुढच्या भागाचे वजन या प्लेटवर बसते आणि प्रत्येक वळणावर ट्रेलरची खालची प्लेट तिच्यावर घासत फिरते. दोन इंची पिनच्या प्रचलित ओतीव फिफ्थ व्हीलवर साधारण २० टनांपर्यंत उभा भार चालतो, यावरून पृष्ठभागावर किती दाब असेल याची कल्पना यावी. दुसरे घर्षण किंगपिनभोवती, म्हणजे जबड्याच्या आत होते. तेथे वजन नसते, पण संपूर्ण ट्रेलरची ओढ आणि ब्रेकचा धक्का त्याच जागी येतो. ड्रायव्हरला वरून दिसते ती फक्त प्लेट, त्यामुळे तिला भरपूर ग्रीस मिळते. जबडा आत लपलेला असल्यामुळे तो कोरडा राहतो, आणि झटका सुरू होतो तो बहुधा तेथूनच.

आता आपण वाहत असलेल्या मालाविषयी. जिनिंगच्या आवारात हवेत तरंगणारे कापसाचे तंतू उघड्या ग्रीसला चिकटतात आणि प्लेटवर नमद्यासारखा थर तयार होतो. हा थर ग्रीसमधील तेल शोषून घेतो आणि खाली धातूला काहीच मिळत नाही. सिमेंटची भुकटी त्याहून वाईट, कारण ती ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीस वंगण न राहता व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट होते. पावसाळ्यात ओल मिळाली की हीच भुकटी जबड्याच्या कोपऱ्यांत दगडासारखी घट्ट होते आणि लॉक पूर्ण बसत नाही. कोळशाची धूळ, औष्णिक वीज केंद्रांची राख, तुमसरकडील मँगनीजची माती यांचाही अनुभव वेगळा नाही. जुन्या ग्रीसवर नवे ग्रीस थापणे म्हणजे ही पेस्ट वाढवत नेणे होय. आपला ड्रायव्हर आळशी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. तो रोज कष्ट घेतो, पण त्या कष्टांचा उपयोग होत नाही.

साफसफाईसाठी ट्रेलर सोडावाच लागतो. जोडलेल्या अवस्थेत कडेने गनने ग्रीस भरणे हा मधल्या काळातील तात्पुरता उपाय आहे, त्याला देखभाल म्हणता येणार नाही. सपाट आणि कडक जमीन निवडावी. काळ्या मातीत, विशेषतः पावसानंतर, लँडिंग लेग (सोडलेल्या ट्रेलरला पुढून आधार देणारे पाय) खाली रुततात आणि ट्रेलर एका बाजूला कलतो, म्हणून पायांखाली जाड फळ्या द्याव्यात. ट्रेलरचे ब्रेक लावावेत, चाकांना ठोकळे द्यावेत, पाय टेकवावेत, हवेचे पाइप आणि विजेची केबल काढावी आणि मगच हँडल ओढावे. हँडल ओढले जात नसेल तर घण मारू नये. पिनवर ओढ असल्यामुळे लॉक दाबला गेलेला असतो. घोडा किंचित मागे घेतला की ओढ सुटते आणि हँडल हाताने येते.

प्लेटवरील जुने ग्रीस लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावे, खाचांमधील ग्रीस पातळ पट्टीने उकरावे आणि नंतर डिझेलमध्ये भिजवलेल्या जुन्या कापडाने धातू दिसेपर्यंत पुसावे. पेट्रोल वापरू नये. कॉटन वेस्टही शक्यतो टाळावे, कारण त्याचे धागे जबड्याच्या सांध्यांत अडकून राहतात. जबडा ब्रशने साफ करावा आणि तेथे बोटे घालू नयेत. उघडा जबडा स्प्रिंगच्या ताणाखाली असतो, चुकून धक्का लागला तर तो मिटतो आणि बोट वाचत नाही. काढलेले ग्रीस पत्र्याच्या जुन्या डब्यात गोळा करावे. गॅरेजमागच्या नाल्यात किंवा शेजारच्या वावरात ते फेकणे हा अपराधच समजावा. ट्रेलरच्या खालची प्लेट आणि किंगपिनही याच वेळी पुसून घ्यावी. ही अर्धी बाजू बहुतेक जण विसरतात.

धुण्याच्या केंद्रावर प्रेशरच्या पाण्याने फिफ्थ व्हील धुवून घेण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. पाण्याचा जोर घाण काढतो, पण सांध्यांतील ग्रीसही काढतो आणि आत ओल सोडून जातो. धुतलेच असेल तर कोरडे करून त्याच दिवशी नव्याने ग्रीस लावावे. धुतलेली, कोरडी प्लेट घेऊन भरलेला ट्रेलर ओढणे हे घाणेरड्या ग्रीसपेक्षाही वाईट आहे.

मोजमापाला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही, फक्त व्हर्नियर कॅलिपर हवा. दोन इंची किंगपिनचा मधला बारीक भाग नवा असताना ५०.८ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि झिजून तो ४९ मिलिमीटरवर आला की पिन बाद समजतात. प्लेटजवळचा जाड भाग नवा असताना ७३ मिलिमीटर असतो, त्याची मर्यादा ७१ मिलिमीटर आहे. माप एकाच दिशेने घेऊ नये. पिन सर्व बाजूंनी सारखी झिजत नाही, ओढीची आणि धक्क्याची बाजू जास्त खाल्ली जाते. म्हणून गाडीच्या लांबीच्या दिशेने एक, आडवे एक आणि तिरपे एक अशी मापे घेऊन त्यांतील सर्वांत लहान माप धरावे. साडेतीन इंची पिन अवजड यंत्रसामग्री वाहणाऱ्या ट्रेलरना असते, तिची मापे वेगळी आहेत.

झिजलेल्या पिनवर वेल्डिंग करून ती भरून घेण्याचा सल्ला आपल्याला रस्त्यावरच्या एखाद्या कारागिराकडून नक्की मिळेल. तो मानू नये. किंगपिन घडीव मिश्रपोलादाची आणि उष्णता देऊन कडक केलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिचा कडकपणा बिघडतो, कडेला बारीक भेगा पडतात आणि पुढे ती केव्हा तुटेल याची पूर्वसूचना मिळत नाही. मागे जोडलेला भरलेला ट्रेलर या एका खुंटीवर आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरील भाराच्या मर्यादा वाढवल्या आणि मोठ्या ट्रेलर-गाडीचे कमाल एकूण वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर गेले. जुन्या जोडणीवर जास्त माल लादताना या खुंटीचा विचार कोणी करत नाही. ओतीव वरच्या प्लेटवर वेल्डिंग करण्यालाही हेच कारण लागू आहे.

झटका कोठून येतो हे शोधण्याची रीत सोपी आहे. ट्रेलर जोडलेला ठेवून त्याचे ब्रेक लावावेत आणि ड्रायव्हरला घोडा अगदी हळू थोडा पुढे, थोडा मागे ओढायला सांगावे. चाकांच्या वाटेतून बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे राहून पाहावे की नेमके काय हलते आहे. प्लेट स्थिर राहून ट्रेलर तिच्यावर पुढे-मागे सरकत असेल तर खेळ पिन आणि जबड्यात आहे. प्लेटसकट वरचा भाग हलत असेल तर प्लेटला चेसिसवर धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटमधील पिना आणि रबर बुश (पिनेभोवतीची रबरी नळी) गेलेले आहेत. ब्रॅकेटही हलत असतील तर चेसिसवरचे बोल्ट ढिले आहेत, आणि ही तिसरी स्थिती असेल तर गाडी त्या जागेवरून माल घेऊन हलवू नये. ढिल्या बोल्टभोवती लालसर गंजाची रेघ उतरलेली दिसते. ती धूळ झटकून पाहिल्याशिवाय कळत नाही. बोल्ट कसताना पाइप घालून अंदाजाने ओढू नये, टॉर्क पाना वापरावा, आणि ताणलेला किंवा आटे खराब झालेला बोल्ट त्याच ग्रेडच्या नव्या बोल्टने बदलावा. बाजारातील साधा बोल्ट तेथे चालत नाही. ट्रेलर सोडलेला असताना प्लेटच्या कडेखाली सब्बल घालून हलके उचलून पाहिले की बुशची उभी ढिलाई हाताला समजते.

खेळ जबड्यात निघाला तर बहुतेक फिफ्थ व्हीलमध्ये तो कमी करण्यासाठी ॲडजस्टिंग बोल्ट असतो. लॉकनट ढिला करून तो किती आटे आत घ्यायचा आणि किती मागे सोडायचा हे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते, म्हणून ते कंपनीच्या पुस्तकातूनच पाहावे. मात्र एक गोष्ट पुस्तकात ठळकपणे सापडत नाही आणि आमच्याकडे तिचा वारंवार त्रास होतो. आपला घोडा जर कधी गाठींचा, कधी सिमेंटचा असे वेगवेगळे ट्रेलर ओढत असेल, तर झिजलेल्या पिनवर जबडा घट्ट करू नये. तसे केले की झिजलेल्या पिनवर झटका थांबतो, पण दुसऱ्या दिवशी चांगल्या पिनचा ट्रेलर घेताना लॉक अर्धवट बसतो आणि ड्रायव्हरला वाटते की तो बसला आहे. म्हणून ॲडजस्टमेंट नेहमी मापात असलेल्या पिनवर करावी. बोल्ट पूर्ण आत गेल्यावरही खेळ उरत असेल तर जबडा आणि झिजेची कडी बदलण्याची वेळ झालेली आहे. त्यांचे दुरुस्ती किट मिळते, पूर्ण फिफ्थ व्हील घ्यावे लागत नाही.

वरची प्लेट कधी बाद समजायची, याचे उत्तर तिच्यावरच असते. ग्रीस धरणाऱ्या खाचा बोटाला लागेनाशा झाल्या असतील, म्हणजे प्लेट त्यांच्या तळापर्यंत झिजली असेल, तर ती पुढे वापरू नये. सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून खाली फट किती दिसते ते पाहावे. दोन्ही बाजूंच्या कानांजवळ, जेथे ब्रॅकेटची पिन जाते, तेथे आणि जबड्याच्या तोंडाशी भेगा पाहाव्यात. भेग दिसली की पुढचा विचार संपला, प्लेट बदलावी.

आता ग्रीसकडे. दुकानात जे चेसिस ग्रीस सुटे, किलोवर मिळते ते बहुधा कॅल्शियमचे असते. पाण्याला ते टिकते, पण उष्णतेला कमी टिकते. फिफ्थ व्हीलसाठी लिथियमचे, अति दाब सहन करणारे म्हणजे ज्याच्या डब्यावर ईपी लिहिलेले असते असे, २ नंबरचे ग्रीस घ्यावे आणि त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा ग्राफाइट असेल तर अधिक चांगले. दुकानदार त्याला मॉली ग्रीस किंवा काळे ग्रीस म्हणतात. दाबाखाली तेल पिळून बाहेर गेले तरी मॉलीचे चापट कण धातूवर चिकटून राहतात, आणि संथ, अवजड, घासत फिरणाऱ्या पृष्ठभागाला तेच हवे असते. बेअरिंगसाठीचे महागडे ग्रीस येथे वापरण्यात काही लाभ नाही.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४६ अंशांच्या पुढे जातो, म्हणून उन्हाळ्यात ३ नंबरचे ग्रीस घ्यावे का, असे पुष्कळ जण विचारतात. ग्रीसचा नंबर २५ अंश सेल्सिअसला त्याचा मऊपणा मोजून ठरवतात. त्यामुळे मे महिन्यात २ नंबरचे ग्रीस हाताला पातळ लागणारच. पण लिथियम ग्रीस वितळून टपकण्याचे तापमान साधारण १८० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे आपल्या उन्हात ते वितळून जात नाही. फक्त त्यातील तेल थोडे सुटते. वर्षभर २ नंबर वापरावे आणि उन्हाळ्यात लावण्याचे अंतर कमी करावे, हे मला जास्त योग्य वाटते. ग्रीसचा प्रकार बदलायचा असेल तर जुने पूर्ण काढल्याशिवाय नवे लावू नये, कारण दोन वेगळ्या जातींची ग्रीसे मिसळली की काही वेळा मिश्रण पातळ होऊन वाहून जाते.

जळक्या ऑइलविषयी एवढेच सांगतो की ते त्वरित बंद करावे. त्यात इंजिनाची काजळी आणि धातूचे बारीक कण असतात, ते प्लेटवर टिकत नाही, आणि खाली टपकून ब्रॅकेटचे रबर बुश व आसपासचे रबरी भाग फुगवते.

लावण्याची पद्धत अशी ठेवावी. आधी जबडा, लॉक बार आणि हँडलच्या सरकणाऱ्या भागांना ब्रशने किंवा निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असल्यास गनने ग्रीस द्यावे. जबड्याच्या पिनला टेकणाऱ्या आतील पृष्ठभागावर ते भरपूर असावे. नंतर वरच्या प्लेटच्या खाचा भरून घ्याव्यात आणि उरलेल्या पृष्ठभागावर पट्टीने पातळ, सलग थर ओढावा. धातू झाकला जावा पण ग्रीसचा ढीग दिसू नये. प्लेटच्या मागच्या उतरत्या शिंगांकडे काहीसे कमी लावले तरी चालते, कारण ट्रेलर चढताना ते तसेही पुढे ढकलले जाते. शेवटी किंगपिनला हलका थर द्यावा. ब्रॅकेटचे बुश रबराचे असतील तर त्यांना ग्रीस लावू नये. निपल असलेल्या धातूच्या बुशना मात्र प्रत्येक वेळी द्यावे.

अंतराविषयी कंपनीचे पुस्तक प्रमाण मानावे. बऱ्याच मॉडेलना दर महिन्याला किंवा ठरावीक किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा, असे सांगितलेले असते. हा हिशेब स्वच्छ महामार्गाचा आहे. समृद्धी महामार्गावरून नागपूर ते मुंबई धावणारी गाडी आणि वणी ते गडचांदूर धुळीतून दिवसाला अनेक वळणे घेणारी गाडी यांचे किलोमीटर सारखे धरता येत नाहीत, कारण प्लेट झिजते ती वळणांवर, सरळ रस्त्यावर नव्हे. आपल्या मार्गासाठी पूर्ण सोडून साफ करून लावण्याचे काम पंधरा दिवसांनी करावे आणि मध्ये दर आठवड्याला कडेने पाहून प्लेट कोरडी, लालसर किंवा चकाकत असेल तरच भर घालावी. रोज थापण्याची सवय सोडल्यास वर्षाला लागणारे ग्रीस कमीच होईल.

साफसफाई आणि योग्य ग्रीस झाल्यावरही स्टिअरिंग जड राहिले, तर ट्रेलर सोडून नुसता घोडा चालवून पाहावा. तो एकटा हलका चालत असेल तर दोष प्लेट किंवा ट्रेलरच्या खालच्या बाजूला आहे. तोही जड असेल तर पॉवर स्टिअरिंग आणि पुढच्या ॲक्सलकडे जावे. ट्रेलरच्या खालची प्लेट वाकलेली, पोचे पडलेली किंवा वेल्डिंगचे टोक बाहेर आलेली असेल, तर ती लावलेले ग्रीस पहिल्याच वळणावर खरवडून टाकते. कोरड्या प्लेटचा धोका पावसात जास्त असतो. ट्रेलर वळायला विरोध करतो, घोड्याची पुढची चाके ओल्या डांबरावर सरळ घसरतात आणि मग ट्रेलर एकदम सुटून वळतो.

जोडताना ट्रेलरची उंची नीट नसेल तर वरील सर्व मेहनत वाया जाते. ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलपेक्षा थोडी खाली, फार तर ५० मिलिमीटर, असावी, म्हणजे ती घासत वर चढते आणि ग्रीस पसरवते. ती फार खाली असेल तर पुढची कड सगळे ग्रीस ढकलून नेते. ती वर असेल तर त्याहून वाईट, कारण पिन जबड्यात न शिरता वरून सरकते आणि लॉक मिटल्यासारखा दिसतो. अशा वेळी ट्रेलर आवाराच्या दारातच पाय दुमडलेल्या अवस्थेत खाली बसलेला मी पाहिला आहे. जोडल्यावर क्लीनरवर न सोपवता ड्रायव्हरने स्वतः बॅटरी घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात. दोन प्लेटमध्ये फट नसावी, जबडा पिनच्या बारीक भागाभोवती पूर्ण मिटलेला असावा, आणि हँडल आत जाऊन सुरक्षा-खटका पडलेला असावा. त्यानंतर ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवूनच घोडा हलका पुढे ओढून पाहावा आणि मगच पाय उचलावेत.

ग्रीसचा त्रास कायमचा मिटवणारी प्लास्टिकची चकती किंगपिनवर बसवावी का, हाही आपला प्रश्न असू शकेल, कारण विक्रेते आता गावोगाव येत आहेत. चकती प्लेटचे काम हलके करते हे खरे आहे, पण जबड्याला ग्रीस तरीही द्यावेच लागते. शिवाय चकतीच्या जाडीइतकी पिन जबड्यात कमी उतरते. पिन आधीच झिजलेली आणि चकती जाड असेल तर लॉक चुकीच्या जागी पकडू शकतो. ज्या फिफ्थ व्हीलवर कंपनीनेच प्लास्टिकचे अस्तर दिले आहे तेथे वेगळी चकती लावू नये. आपल्या गाडीबाबत, झटका येत असल्यामुळे, चकतीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आधी पिनची तीन मापे घ्यावीत. ती ४९ मिलिमीटरच्या वर असतील आणि खेळ जबड्यातच निघून ॲडजस्टमेंटनेही जात नसेल तर जबड्याचे किट मागवावे, आणि खाली असतील तर पिन बदलून मग नव्या पिनवर जबडा तपासावा.